गार धुराचे महाराज

लंडनजवळच्या पिनरमधल्या दीनानाथकाकांच्या पोर्चमध्ये त्या रविवारी इतके बूट पडले होते की दार पुरतं उघडेना. मी आडवी होऊन आत शिरले. फ्रंटरूममधले सोफे भिंतीला सरकवले होते, गालिच्यावर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या आणि त्यांवर ब्रॅकनेलपासून स्लाऊपर्यंतचा सुशिक्षित महाराष्ट्र मांडी घालून बसला होता. सॉफ्टवेअरवाले, बँकवाले, दोन दंतवैद्य आणि एक हृदयरोगतज्ज्ञसुद्धा. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. तिकडे, काकांच्या टीव्ही बघायच्या खुर्चीत, शीतलनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्या नाकातून धूर येत होता.

नाकातून धूर काय, कुणीही काढतं. पण महाराजांच्या चिलमीत विस्तव नव्हता. चिलीम चांदीची, वीतभर लांब, मधोमध टपोरा रुद्राक्ष बसवलेली. टोकाला निखारा नाही, राख नाही. काडी नाही, लायटर नाही. महाराज ती ओठांना लावत, डोळे मिटत आणि पांढराशुभ्र धूर सोडत. वर छताला स्मोक अलार्म होता, तोही गप्प. हा अलार्म मी चांगला ओळखते. सुमनकाकूंनी आमटीला फोडणी दिली तरी तो असा बोंबलतो की शेजारची इंग्रज म्हातारी पिशवी भरून घराबाहेर पडते.

"आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं आपण म्हणतो. राइट?" मिहीर उभा राहून सांगत होता. मिहीर ब्रॅकनेलच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. महाराजांचा शोध त्याचाच आणि आता सूत्रधारही तोच, लॅपटॉपसकट. "आज तुम्ही लाइव्ह बघताय. नो फायर! आणि साक्षीला अलार्म आहे."

लोकांनी भक्तिभावाने अलार्मला हात जोडले.

इथे माझी ओळख करून देते. मी नीना, लंडनच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवायचा मला रीतसर परवाना आहे. त्यामुळे एखादा बिनपरवाना माणूस भरदुपारी अख्खी खोली झोपवताना दिसला की माझं डोकं फिरतं.

"कोण येतंय पुढे?" महाराज म्हणाले.

हृदयरोगतज्ज्ञ शशिधर गेला. वर्गात पहिला यायची सवय असलेली माणसं कुठेही आधी हात वर करतात.

"बाळ, जगात धूर दोन," महाराजांनी सूर लावला. "एक तापट, एक शांत. तापट धूर घसा जाळतो, शांत धूर देह धुतो. पण धूर तापतो कशाने? त्या बिचाऱ्याचा काय दोष! तुझ्या फुफ्फुसात बसलेलं पाप त्याला तापवतं. घसा खोटं बोलत नाही, बाळा. घसा हेच खरं यंत्र. अमेरिकेतसुद्धा हे सिद्ध झालंय."

कुठे, कुणी, कधी, हे विचारायची पद्धत नव्हती.

महाराजांनी उजवीकडच्या डबीतून एक छोटा पांढरा तुकडा काढला आणि चिलमीच्या तोंडाला बसवला. अंगठा रुद्राक्षावर ठेवून चिलीम शशिधरच्या ओठांशी धरली. "ओढ. ओढ. सोडू नकोस. अजून ओढ."

शशिधर ओढत राहिला. मग त्याचे डोळे पांढरे झाले, चेहरा लाल झाला आणि तो असा खोकला की पुढच्या रांगेतले दंतवैद्य मागे सरले.

"जळलं!" महाराज गरजले.

"काय जळलं?" मिहीरने गर्दीला विचारलं.

"पाप!" गर्दीने उत्तर दिलं.

महाराजांनी तो तुकडा अलगद काढून समोरच्या वाटीत टाकला आणि डावीकडच्या डबीतून नवा घेतला. "उष्टं कुणी कुणाचं घ्यायचं नाही," ते म्हणाले. "स्वतःचंसुद्धा नाही." मागे बायकांत कौतुकाची कुजबुज झाली. बघा, परदेशात राहूनसुद्धा किती सोवळं पाळतात! मग तीन ओळींचा मंत्र झाला. त्यात 'शीतं कुरु' एवढंच मला कळलं. "आता एवढासा घोट घे. चिमणीएवढा."

शशिधरने घाबरत घोट घेतला. त्याचे डोळे विस्फारले. "गार! एकदम गार लागतंय! घशाला काहीच नाही!"

टाळ्या, जयजयकार. माझा नवरा कुशल कानाशी लागला. "नीना, यू हॅव टु ॲडमिट..."

"ॲडमिट मी फक्त हॉस्पिटलात करते," मी म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

सुमनकाकू प्रसादाचा शिरा ढवळत होत्या. आम्ही पहिल्यांदा या देशात आलो तेव्हा बॅगा ठेवायला जागा याच घरात मिळाली होती. त्यामुळे इथे मी पाहुणी नाही. मी पातेलं धरलं आणि विचारलं, "काका कसे आहेत?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. "तपकिरी पंप बंद केलाय गं ह्यांनी. दिवाळीपासून."

दीनानाथकाकांना दमा आहे. तरुणपणापासून ओढलेल्या सिगारेटी आणि इथला गारठा. तपकिरी पंप रोज घ्यायचा, म्हणजे दमा उफाळत नाही. निळा पंप उफाळला की घ्यायचा. एवढं साधं औषध, आणि त्याच्यावर हा माणूस बरीच वर्षं सुखाने बागकाम करत आला होता.

"आणि निळा?"

"तो अजून आहे. पण पुढच्या रविवारी विसर्जन आहे."

"कसलं विसर्जन?"

"पंपांचं. दोन्ही. घंगाळात." काकूंचा आवाज चिरकला. "रात्री श्वास नुसता शिटी वाजवतो. परवा जिना चढताना मध्येच बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, कार्पेट नीट बसलंय का बघतोय."

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. दम्याच्या माणसाचा पंप काढून घेणं म्हणजे काय, हे मी मध्यरात्री कॅज्युअल्टीत पाहिलेलं आहे. तिथे घशात नळी घालायला मलाच बोलावतात.

काकांना बागेच्या दारापाशी गाठलं. "काका, पंप का सोडला तुम्ही?"

"अगं, गरजच उरली नाही. दुसरा झुरका आता लोण्यासारखा जातो. म्हणजे आत स्वच्छ झालं ना? तुम्हा लोकांचा एक्सरे, आमचा हा." महाराजांनी त्यांना घरी साधनेसाठी एक छोटी चिलीम दिली होती, ती त्यांनी खिशातून काढून अभिमानाने दाखवली. "रोज संध्याकाळी कधी एकदा साधनेला बसतो असं होतं मला. इतकी भक्ती मी जन्मात केली नव्हती."

"पण काका, दमा असा..."

"नीना, चेस्ट क्लिनिकमधली ती पोरगी मला म्हणाली, थर्टी इयर्स ऑफ स्मोकिंग, व्हॉट डिड यू एक्स्पेक्ट? बरोबर बोलली. माझं मीच करून घेतलं." ते बागेकडे बघत राहिले. "महाराज म्हणाले, जळून जाईल सगळं. असं मला आजवर कुणीच म्हणालं नव्हतं गं."

सगळं पुस्तकी ज्ञान माझ्याकडे होतं, पण काकांना जे हवं होतं ते नेमकं त्या भामट्याकडे होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मंगळवारी इस्पितळाच्या टी-रूममध्ये बसले होते. माझा एक इंग्रज सहकारी सिगारेट सोडायच्या खटपटीत असतो. त्या दिवशी त्याच्या तोंडात प्लॅस्टिकची सिगारेट होती, टोकाला निळा दिवा. इंटरनेटवरून मागवलेली, म्हणाला. इलेक्ट्रिकची. धूर दिसतो ती वाफ आहे. त्याने एक लांब झुरका घेतला आणि जोरात खोकला. "ड्राय झाली," असं पुटपुटत त्याने तोंडाकडचा पांढरा तुकडा काढून कचऱ्यात टाकला, नवा बसवला आणि आरामात ओढू लागला. पुदिन्याचा वास माझ्यापर्यंत आला.

माझा चहा सांडला. मग मी एवढ्या मोठ्यांदा हसले की सिस्टर बघायला आली.

ते यंत्र मी उसनं आणलं. घरी ते उघडलं, ओलं करून पाहिलं, कोरडं करून पाहिलं. कुशलने त्याच्या मल्टिमीटरला तापमान मोजायची बारीक तार जोडली. त्याची श्रद्धा पहिल्या अर्ध्या तासात डळमळली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कोसळली. "मिहीरला काय तोंड दाखवू?" एवढंच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी यंत्र पर्समध्ये घालून गेले. आज काम फत्ते, असं मला वाटत होतं. कुठलं काय! फ्रंटरूममध्ये झेंडूच्या माळा घातलेलं तांब्याचं घंगाळ, त्यात गंगाजल. शेजारी ताटात काकांचे दोन्ही पंप, वर हळदकुंकू वाहिलेलं. मी उभी राहिले, यंत्र दाखवलं, धूर काढला. महाराज मंद हसले.

"मुली, ते यंत्र आहे. हे तंत्र आहे."

लोकांना ते फारच आवडलं. मिहीर म्हणाला, "ताई, सेम आउटपुट म्हणजे सेम प्रोसेस असं नसतं ना!"

"मग एक करा," मी म्हणाले. "तोंडाचा तुकडा बदलू नका. तोच ठेवा, त्याच्यावर मंत्र म्हणा आणि कुणालाही द्या. मला द्या. गार झाला तर मी स्वतः पंप पाण्यात टाकते."

"उष्टं?" महाराजांनी कानांवर हात ठेवले. "शिव शिव शिव!"

"नीना, काहीतरीच काय!" चारी बाजूंनी आवाज उठले. "कुणाच्या तोंडातलं काढून... शी!"

तिथेच माझी गाडी अडली. महाराजांनी भिंत बांधली होती ती विज्ञानाच्या नाही, आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूने. ज्या लोकांनी शिक्षण, नोकरी, हवामान, सगळं बदललं, त्यांनी उष्टं मात्र बदललं नव्हतं. चमचा दोघांत फिरला तर अंगावर काटा येतो आमच्या. तुकडा बदलताना प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं, आणि तो का बदलला हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, कारण उत्तर प्रत्येकाला आईने लहानपणीच देऊन ठेवलं होतं.

"बसा ताई, प्लीज," मिहीर म्हणाला. मी बसले. कान लाल झाले होते.

काका पुढे गेले. उजवीकडचा तुकडा बसला. अंगठा रुद्राक्षावर गेला. "ओढा. ओढा. शेवटचं पाप आहे, चिवट असतं. अजून ओढा."

काका खोकले. खोकला थांबेना. मग खोकल्याच्या मागून ती शिटी सुरू झाली, मला नको असलेली. मी उठले. महाराजांनी घाईघाईने तुकडा काढून वाटीत टाकला आणि डावीकडच्या डबीला हात घातला.

"थांबा जरा."

सुमनकाकू दारात उभ्या होत्या. हात पिठाचे.

"माई, विधी चालू आहे."

"चालू द्या की. तो आत्ता काढलेला तुकडा परत बसवा. मी ओढते."

"उष्टा आहे, माई!"

"ह्यांचा आहे ना?" काकू खोलीच्या मध्यभागी आल्या. "लग्न झाल्यापासून ह्यांच्या ताटात जेवतेय मी. ह्यांचं उष्टं मला कधीपासून बाटवायला लागलं?"

मग मागे बायकांतून कुणीतरी म्हणालं, "हे मात्र खरंय हो." आणि दुसरी म्हणाली, "नवऱ्याचं चालतं." महाराजांनी मिहीरकडे पाहिलं. मिहीरने लॅपटॉपकडे पाहिलं.

"आणि मंत्र आधी म्हणा," काकू म्हणाल्या. "तीनदा म्हणा. काही कसर ठेवू नका."

महाराजांनी मंत्र म्हटला. 'शीतं कुरु' म्हणताना आवाज जरा बसला होता. काकूंनी चिलीम घेतली, पण ओठांना लावण्याआधी नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "हे करपलंय. कढईत तेल विसरलं की येतो ना वास, तोच आहे हा." मग त्यांनी झुरका घेतला आणि त्याही खोकल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"पाहिलंत?" महाराजांनी संधी साधली. "माईंच्याही पोटात पाप!"

काका ताडकन उठले. श्वास पुरत नव्हता, तरी उठले. "हिचं? हिचं कसलं पाप?" प्रत्येक शब्दामागे शिटी वाजत होती. "आयुष्यात सिगारेटला हात... हिने माझे धुराचे कपडे धुतले. हिचं पाप?"

"अहो, बसा तुम्ही," काकू म्हणाल्या. मग महाराजांकडे वळल्या. "आता डावीकडचा बसवा. आणि मंत्र म्हणू नका. बोलूच नका काही."

महाराज हलेनात. मग तुकडा मीच बसवला. काकूंनी घोट घेतला, विचार केला आणि शिऱ्यात साखर कमी पडली असं सांगावं तशा स्वरात म्हणाल्या, "पेपरमिंट."

दीनानाथकाकांनी हात लांब केला. ताटातला निळा पंप त्यांनी स्वतः उचलला, हळदकुंकू शर्टाला पुसलं आणि दोनदा ओढला. मी नाडी धरून बसले. हळूहळू शिटी उतरली आणि काकांचे खांदे खाली आले.

मग मी चिलीम उघडली. रुद्राक्षाखाली बटण होतं, बटणाखाली बॅटरी, पुढे एक केसाएवढी तार. तुकड्यांत कापसाचे बोळे. डावीकडच्या डबीतले पेपरमिंटच्या वासाच्या रसाने थबथबलेले, उजवीकडचे जवळजवळ सुके.

"बटण दाबलं की तार तापते आणि रसाची वाफ होते. आग नाही, म्हणून अलार्मही गप्प," मी सांगितलं. "रस भरपूर असला की तो तारेची उष्णता घेत राहतो, तार ताब्यात राहते. भाजीत पाणी आहे तोवर भाजी करपत नाही, तसं. रस संपला की तीच तार भलतीच तापते आणि उरलासुरला रस करपतो. काकूंना आला तो वास त्याचा. करपलेल्या तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो ना, त्याच जातीचं विष यात तयार होतं. त्यात महाराज अंगठा दाबून धरतात आणि तुम्हाला लांब ओढायला लावतात, म्हणजे आणखी ताप. हे दम्याच्या माणसाला दर रविवारी दिलं जात होतं."

"आणि गार कसं लागतं?" शशिधरने विचारलं. बिचारा फार पडेल आवाजात.

"डॉक्टरसाहेब, पेपरमिंट चघळून साधं पाणी प्या. बर्फासारखं लागतं. पाणी गार झालेलं असतं का? आणि फ्रिजमधला ठेचा खा. थंडगार असतो, तरी जिभेची आग होते. ती गरम झालेली असते का? घसा थर्मामीटर नाही. त्याला गार लागलं म्हणजे वाफ गार आहे असं नाही, आणि वाफ मऊ लागली म्हणजे ती निरुपद्रवी आहे असं तर मुळीच नाही. उलट मऊ लागते म्हणून माणूस खोल ओढतो. त्या डावीकडच्या रसात निकोटीन आहे, म्हणून पेपरमिंटच्या चवीखाली कडवट लागतं. बाकी काय आहे आणि ते वर्षानुवर्षं ओढलं तर फुफ्फुसाचं काय होईल, हे आज जगात कुणालाच धड माहीत नाही."

"निकोटीन?" काकांनी खिशातली छोटी चिलीम काढून हातात धरली. "म्हणजे रोज संध्याकाळी मला जी ओढ लागायची..."

"तलफ होती, काका."

"मला वाटलं, भक्ती."

महाराजांनी समाधी लागल्याचं जाहीर करून डोळे मिटले. ते मिहीरने गाडी दाराशी आणेपर्यंत उघडले नाहीत. जाताना मिहीर मला म्हणाला, "ताई, वुई शुड टेक धिस ऑफलाइन." मी म्हणाले, "जरूर. पण आधी गाडीची काच खाली कर, करपलेला वास येतोय."

लोक शिरा न खाताच पांगले. घंगाळातले झेंडू काकूंनी बागेत ओतले. काका खुर्चीत बसून होते. अलौकिक काही घडणार नाही, हे कळल्यावर माणूस जसा दिसतो तसे दिसत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे जळलं नाही काही. जे मी केलं ते आहेच."

मी बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी मला हातानेच थांबवलं.

"सिगारेट तुम्ही सोडलीत तेव्हाच ते संपलं होतं," त्या म्हणाल्या. "माफी मागायचीच होती तर माझी मागायची. रात्रभर तुमचा श्वास ऐकत जागी मी असते. तुमच्या खुर्चीत येऊन बसलेला तो महाराज नाही."

काकांनी मान खाली घातली. त्यांना रडू आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. काकूंनी ताटातला तपकिरी पंप उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात ठेवला. काकांनी झाकण उघडलं, दीर्घ श्वास घेतला आणि काकू सांगेपर्यंत तो धरून ठेवला.

वाचकहो, तुमच्याही ओळखीत असे महाराज येतील. त्यांच्या हातात चिलीम असेल, नाहीतर भस्म, नाहीतर चकचकीत खोक्यातलं एखादं नवं यंत्र, आणि ते तुम्हाला तुमच्याच शरीराची साक्ष काढायला सांगतील. शरीराचं ऐका, पण त्याच्या एका शब्दावर निकाल देऊ नका. वस्तू उघडून बघायला मागा. जे बदलू नका म्हटलं तरी बदललं जातं, तिथे थांबवा, मग ते कितीही सोवळ्यात का असेना. आणि दम्याचा पंप कुणाच्याही शब्दावर पाण्यात टाकू नका. ज्याला श्वास कमी पडतोय त्याच्या मनात खूप काही साचलेलं असतं. ते ऐकून घ्यायला घरचं माणूस पुरतं, त्यासाठी महाराज लागत नाहीत.